चढावरची हाक

इथले वाचकांनी लिहिलेले अनुभव मी रात्री झोपण्याआधी वाचते, गोष्टी म्हणून. खरे मानून कधीच नाही. कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करताना असली पुस्तकं मीच 'कथा' या कपाटात लावत आले. आता माझाच अनुभव कुठल्या कपाटात ठेवायचा, ते कळत नाही, म्हणून लिहिते आहे.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर माझी आई नागपुरात, हॉस्पिटलात वारली. पहाटेची वेळ. खोलीत मी एकटीच होते. सुधीर, माझा नवरा, अंघोळीला घरी गेला होता. दोन दिवस आईने मला ओळखलं नव्हतं. शेवटी तिने डोळे उघडले, माझ्या पलीकडे भिंतीकडे पाहिलं आणि चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाली, "पोचले गो!"

बस, तेवढंच. भ्रमातलं बोलणं, असं मी धरलं. मात्र तिचं शेवटचं बोलणं माझ्याशी नव्हतं, हे मनात रुतून बसलं. हे मी कोणालाही सांगितलं नाही. सुधीरलाही नाही.

आईची एकच बहीण उरली आहे. मुरबाड तालुक्यात, किन्हवलीच्या पुढे एका पाड्यावर राहते. तिचं हृदय अशक्त. दुपारी मी रमेशदादाला, म्हणजे तिच्या मुलाला, फोन केला, तेव्हा तो रडला आणि मग म्हणाला, "ताई, आयेला आत्ता नाय सांगायचं. नाय झेपायचं तिला." महिनाभर त्याने सांगितलं नाही. पण मावशीने आम्हाला बोलावून घ्यायचा धोशा लावला, तेव्हा जावंच लागलं.

पहाटेच्या विमानाने आम्ही तिघं निघालो. मी, सुधीर आणि दहा वर्षांची मनवा. मुंबईला चाकं टेकली, तशी मी सवयीने फोन काढून आईचं नाव शोधलं. कुठेही गेलं तरी "पोचले" असा फोन केल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. नाव समोर आलं... आणि बोट तिथेच थांबलं.

टॅक्सीने भिवंडी मागे टाकली. शहापूरला चहाला थांबलो, तिथे रमेशदादाचा फोन आला. "लक्षात हाय ना? गुडघे दुखतात, म्हणून नाय आली."

मनवा ऐकत होती. "म्हणजे खोटं बोलायचं?"

"गुडघे दुखायचेच ना आजीचे," सुधीर म्हणाला.

"पण आता कुठे दुखतात?"

किन्हवलीच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना कापलेली भातशेती होती, धुकं अजून खाचरांत बसलेलं. माझ्या मांडीवरच्या पिशवीत आईचं एक साधं सुती लुगडं होतं. 'आईने पाठवलंय' म्हणून द्यायचं ठरलं होतं. तेवढं एक वाक्य मी रस्ताभर मनात म्हणत होते. एखाद्या शब्दाने मावशीचं काही बरंवाईट झालं, तर ते माझ्या माथी आणि नाही सांगितलं, तर तिच्या बहिणीचा मृत्यू मी तिच्यापासून चोरला, असं होणार.

मावशी पडवीत बसली होती. वहिनीने पायांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला. मावशीने मनवाला जवळ ओढलं. "विमानात भ्यालीस का गो?"

"नाही. ढग खाली होते."

"मंग पाऊस वर पडला असंल!" मावशी हसली. मनवाच्या शाळेचं, माझ्या नोकरीचं विचारलं, सुधीरला "बारीक झालास" म्हणाली. आईचं मात्र विचारलंच नाही. माझं वाक्य ओठांवर तयार होतं, पण ते मागायलाच कोणी येत नव्हतं.

मी आत वहिनीजवळ जाऊन बसले. ती तांदळाची भाकरी थापत होती. हळूच म्हणाली, "ताई, एक विचारू? तुमी त्या दिवशी ह्यांच्या आधी कोणाला फोन केलेला काय, गावात?"

"नाही. का?"

"तुमचा फोन दुपारचा आला. पण आईंनी सकाळी उठल्यापासनं देवाला हात नाय लावला. मला बोलल्या, भाजीला फोडणी देऊ नको. तीन दिवस. मी विचारलं, तं बोलल्या, तोंड कडू झालंय."

देवपूजा नाही, फोडणी नाही, हे सुतकाचे नियम. लग्न झालेल्या बहिणीचं सुतक आमच्याकडे तीनच दिवस पाळतात.

तेवढ्यात बाहेरून मावशीची हाक आली. मी गेले. तिने उशाखालून कागदात गुंडाळलेलं कोरं पातळ काढलं आणि माझ्या ओटीत ठेवलं. "मुरबाडच्या बाजारातनं आणवलंय. दुखवट्याचं हाय. आमच्या घरातनं देणारी मीच उरले ना आता?"

रमेशदादा दारात उभा होता. त्याचा चेहरा उतरला. "आये... तुला कोण बोललं?"

"तुझ्या तोंडावर लिवलेलं की. पण तुझं तोंड पडलं दुपारच्याला. मला सकाळीच कळलं."

"मंग बोलली का नाय?"

"तुमी सगळे लपवत व्हते. म्हटलं, लपवू दे बिचाऱ्यांना."

मी तिच्या पायाशी बसले. सकाळी कसं कळलं, ते विचारलं. ती सहज सांगू लागली, "आमी पोरी असताना, तिकडं डोळखांबला, पहाटच्याला झऱ्यावर जायचो. चढ वाईट. धोंडे सुटायचे, म्हणून एकीनं चढायचं, एकीनं खाली थांबायचं. तुझी आई धाकटी, पण कायम पुढं. वर गेली का हाक द्यायची, 'पोचले गो!' ती ऐकल्याबिगर मी पाय नाय उचलायचा. त्या दिवशी चूल पेटवत व्हते, तं तीच हाक आली. तशीच."

मी पिशवीतलं लुगडं काढून तिच्या मांडीवर ठेवलं. 'आईने पाठवलंय' म्हणायची गरज उरली नव्हती. मग पहिल्यांदाच, सगळ्यांसमोर, आईचं शेवटचं बोलणं सांगितलं. सुधीर माझ्याकडे बघतच राहिला. मावशीने लुगडं नाकाशी धरलं आणि तेव्हा कुठे ती रडली.

रमेशदादा घाबरून पाणी घेऊन आला. "आये, हाक आली, म्हणून आता तू नको निघू."

"गप रे," मावशी डोळे पुसत म्हणाली. "माझी घागर भरायची हाय अजून."

मी पुष्कळ विचार केला. आईचं दुखणंखुपणं मावशीला ठाऊक होतं, अंदाज आला असेल. वहिनीची सकाळ-दुपारची गल्लत होत असेल. शेवटच्या क्षणी लहानपणची भाषा परत येते, हेही मी वाचलं आहे. प्रत्येक कारण वेगवेगळं ठेवलं, तर पटतं. एकत्र ठेवलं की पटत नाही. एवढं मात्र खरं, की आईचे ते शब्द आता मला रुततात तसे रुतत नाहीत. ते माझ्यासाठी नव्हतेच. जिला द्यायचे होते, तिला ते मिळाले.

निघताना मावशी म्हणाली, "पोचलीस का हाक दे."

"फोन करतील ना त्या," वहिनी म्हणाली.

"फोन रमेशला करंल. मी हाकेचं बोलते."

नागपूरला घरी आल्यावर मी रमेशदादाला फोन केला. मग गॅलरीत गेले. आजूबाजूला कोणी नाही, हे बघितलं आणि पश्चिमेकडे तोंड करून, फार मोठ्याने नाही, पण म्हणाले, "पोचले गो!"

ऐकू आलं का, हे मी मावशीला अजून विचारलेलं नाही.