मोजणीतली चाळिसावी

वीस सप्टेंबर उजाडला की व्हर्लीन कुसेरा पटावरची नावं पुन्हा पुन्हा मोजायची. पश्चिम कान्सासमधल्या त्या एवढ्याशा काउंटीच्या एकुलत्या एका शाळेत ती एकतीस वर्षं कारकून होती. राज्यभर याच दिवशी हजर पोरं मोजतात, आणि त्या आकड्यावर शाळेचं अनुदान ठरतं. म्हणून जेवणाला दरवर्षी तेच: राजमा-खिम्याची चिली, दालचिनीचे रोल, दूध. रोल म्हटल्यावर तापाने फणफणलेलं पोरही शाळेत येतं. यंदा शाळा मंडळाने बजावलं होतं, चाळिसाच्या खाली गेलात तर शाळेला कुलूप.

सकाळी पटावर बरोबर चाळीस पोरं हजर होती. मोजणी बारा वाजता. मुख्याध्यापक डेल दर दहा मिनिटांनी दारातून डोकावत होता, आणि तिचा जीव टांगणीला लावत होता.

साडेदहाला तिची मुलगी जनेल तणतणत आत आली. "आई, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर सही कर. माझ्या मेसीला दुसऱ्या शाळेत नेतेय."

"आज? डोकं फिरलंय का तुझं? उद्या ने!"

"दोन वर्षं हेच ऐकतेय. शेजारच्या काउंटीतल्या शाळेत खास वाचन शिकवणाऱ्या बाई आहेत. एकच जागा उरलीय. तिकडेही आजच मोजणी, बाराच्या आत पोर हजर हवं."

डेल धावत आला. "जनेल, दीड तास कळ काढ! शाळा बंद पडेल गं!"

"मेसीचा गेल्या परीक्षेचा निकाल वाचून दाखवू, डेल?"



"मेसीला वाचता येतं," व्हर्लीन ठसक्यात म्हणाली. "मला घरी घडाघडा गोष्टी वाचून दाखवते." तिने नातीला वर्गातून बोलावलं. दहा वर्षांची, पाचवीतली पोर. टेबलावरचा जेवणाचा कागद तिच्या हातात दिला. "वाच, राणी. आईला ऐकव."

मेसीने ओळींखाली बोट धरलं. "चिली. दालचिनीचे रोल. दूध." एकदाही अडखळली नाही.

"ऐकलंस?" व्हर्लीन म्हणाली आणि तिची नजर कागदावर गेली. घाईत तिने उद्याचा कागद दिला होता. त्यावर मासे, मका आणि सफरचंद लिहिलं होतं.

मेसी शाबासकीची वाट पाहत हसत उभी होती. व्हर्लीनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरच्या गोष्टीही पोर अशीच पाठ म्हणत असणार, आणि आपण कौतुकाने माना डोलावत बसलो. चष्मा काढून तिने डोळे पुसले, दाखला ओढला आणि सही केली.

"पळा," ती म्हणाली. "चाळीस मिनिटांचा रस्ता आहे."

बारा वाजले. तिने रकान्यात एकोणचाळीस लिहिलं. डेल तिच्या खांद्यावरून वाकून पाहत होता. "बाई... स्वतःच्या हातानं?"

"मग कुणाच्या? दोन वर्षं तिला चाळिसात याच हातानं धरून ठेवलं होतं," ती म्हणाली आणि आकडा राज्याला पाठवून दिला.