कच्च्या माना
खर्डी स्टेशनबाहेरचा कोंबडीवाला गिऱ्हाइकाकडे बघत नसे. नजर कायम सुरीवर. म्हणूनच मला त्याच्याशी बोलणं जमायचं. आमच्या कुत्र्याची खाज थांबावी म्हणून मी त्याला कच्च्या मांसावर आणत होते, पण दोन दिवस त्याने कोंबडीच्या मानांना तोंड लावलं नव्हतं. आजही नाही खाल्लं, तर पुन्हा बिस्किटं आणि पुन्हा खाज.

“नाय खाल्लं?” सुरी लाकडावर पुसत त्याने विचारलं.

“नाही. तासभर समोर बसले होते.”

“मग कसा खाईल गो? तुझ्या ताटाकडं कोन असं बघत बसलं, तर तुला जाईल घास?”

मला गेला नसता.

घरी भांडं पडवीत ठेवून मी आत जाऊन पाठ फिरवून उभी राहिले. बराच वेळ काहीच ऐकू येईना. मग हाड मोडल्याचा आवाज आला. वळून बघावंसं फार वाटलं, पण वळले नाही.