दादा दारात उभा राहिला

आमचा दादा त्या हॉस्पिटलात पहिल्यांदा गेला तो हातपाय बांधूनच. दारू उतरत होती, अंगभर मुंग्या दिसायच्या त्याला. वॉर्डबॉयनं धरला तर डोकं हाणून त्याचं नाकच फोडलं. आणि पुढं आठ वर्षांनी त्याच कॅज्युअल्टीत दादा शिकवायला! दारू सोडलेली माणसं घ्यायची आणि नशेत आलेल्या पेशंटजवळ बसायला तयार करायची. वॉर्डबॉय नव्या माणसाला वाकडं नाक दाखवायचा, "बघा, तुमच्या मास्तरांची कारागिरी."

दादाचं शिकवणं दोनच गोष्टींचं. बुटक्या स्टुलावर बसायचं, पेशंटपेक्षा खाली. आणि त्याच्या आणि दाराच्या मधे कुणी यायचं नाही. "पळाला तर पळू दे. उद्या परत येईल. अडवलंत तर जीव घेईल."

त्या दुपारी शिंपीणबाईंचा पहिला दिवस. दारू सोडून दीड वर्ष झालेलं.

"मास्तर, मला नाही जमायचं."

"कापडाला कात्री लावताना विचारता का असं?"

"कापड उलटं मारत नाही हो!"

तेवढ्यात एका ड्रायव्हरला आणलं. पिऊन बायकोचा जबडा पान्यानं फोडला होता, शेजाऱ्यांनी याचं कपाळ फोडलं होतं. गर्दीत नर्सनं बायकोला समोरच्याच खोलीत घेतलं. तिथंच चुकलं बघा.

शिंपीणबाई स्टुलावर बसल्या. "मीपण प्यायचे," म्हणाल्या. "पोरीच्या हातावर इस्त्री ठेवली होती मी." ड्रायव्हर रडायला लागला. दादानं कोपऱ्यातनं मान हलवली, जमलं म्हणून.

आणि समोरच्या खोलीत बायको किंचाळली. जबडा बसवत होते तिचा.

"अजून ओरडतेय!" म्हणत ड्रायव्हर उठला. सलाईन उपसलं, रक्त भिंतीवर उडालं, लोखंडी स्टँड हातात. दार मोकळं, आणि पलीकडं ती बाई.

दादानं दार लावलं आणि पाठ टेकून उभा राहिला.

"मास्तर, दार सोडा!" शिंपीणबाई ओरडल्या.

पहिला घाव खांद्यावर. दुसरा कानावर. तिसऱ्याला दादा खाली बसला, पण पाठ दाराला तशीच. मग स्टँड डोक्यातच घातला, दोनदा. वॉर्डबॉय खिडकीतनं आत शिरला, ड्रायव्हरच्या मानगुटीवर बसला, त्याचा दात पाडला तेव्हा कुठं तो आडवा झाला. बाहेरनं दार ढकललं तर दादामुळं उघडेना.

तासाभरात दादा गेला. ती बाई वाचली.

वहिनी धावत आली तेव्हा ड्रायव्हर खाटेला बांधलेला, थडथडत, ओकत होता. मुंग्या काढा म्हणत होता. शिंपीणबाईंनी स्टुलावरचं रक्त पदरानं पुसलं होतं आणि त्याच्यापाशी बसल्या होत्या.

वहिनीनं खाट आणि दाराच्या मधे उभं राहून त्यांचा अंबाडाच धरला. "माझा माणूस मारला यानं, आणि तू याच्या उशाशी बसतेस?"

शिंपीणबाईंनी केस सोडवले नाहीत. डोळे गळत होते. एवढंच म्हणाल्या,

"मला काय मारायचं ते मारा, वहिनी. पण आधी दारातनं बाजूला व्हा."