पत्र्याला ठेवलेली माया

माझ्या सासूबाई एकतीस वर्षं गणवेशांच्या कारखान्यात कापड कापत होत्या. शिवत नव्हत्या, कापत होत्या. हा फरक त्या समोरच्याला पहिल्याच भेटीत समजावून सांगत. शिवणारे साठ आणि कापणारं माणूस एक. त्या एकाचा हात चुकला की साठही जणांनी कपाळाला हात लावायचा. कारखान्यात लहानथोर सगळे त्यांना 'मास्तर' म्हणत. कुणी चुकून 'मास्तरीणबाई' म्हणालं तर त्या ओ देत नसत.

त्या आमच्याकडे राहायला आल्या तेव्हा त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला सहा महिने झाले होते. नजर इतकी स्वच्छ झाली होती की खिडकीत बसल्या बसल्या त्यांना समोरच्या गच्चीवर वाळणाऱ्या शर्टाची तिरकी कॉलर खुपायची. पण कात्री काही त्या हातात धरत नव्हत्या. त्यांची मोठी, काळी कात्री फडक्यात गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी ठेवलेली होती. माझ्या बायकोने एकदा पडदे कापून मागितले, तर म्हणाल्या, "बाजारात तयार मिळतात की."

"आईचं काहीतरी बिनसलंय," बायको मला म्हणाली. "विचारायला गेलं की तोंडाला कुलूप."

मी काय विचारणार? मी पडलो जावई. शिवाय त्या दिवसांत माझं डोकं गाडीत अडकलेलं होतं.

मी दंतवैद्यांसाठी कवळ्या तयार करतो. काम बारीक, नाजूक, दिवसभर मान खाली घालून. त्यामुळे सुटीच्या दिवशी मला काहीतरी मोठं आणि लोखंडी हाताळावंसं वाटतं. आमच्या जुन्या गाडीचा, इंजिनाला हवा गाळून देणारा मूळ डबा काढून, एका मित्राच्या नादाने मी तिथे उघडा, गावठी भोपळ्याएवढा फिल्टर बसवला होता. गाडी मोकळा श्वास घेईल, वाऱ्यासारखी पळेल, असं मित्र म्हणाला होता. सकाळच्या गारव्यात खरंच पळायची. पण दुपारी सिग्नलला पाच मिनिटं उभी राहिली की तिच्या अंगातलं त्राण जायचं. चढावर तर सायकलवाले मागे वळून बघायचे. कारण उघड होतं: फिल्टर इंजिनाच्या कुशीत बसला होता आणि तिथलीच तापलेली हवा ओढत होता. एकदा तारेचा थर्मामीटर आत सोडून पाहिला, तर बासष्ट अंश.

"मोकळी हवा खायला म्हणून त्याला चुलीशेजारी बसवलंत होय?" सासूबाई खिडकीतून म्हणाल्या. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं होतं, ही माझी चूक.

उपाय होता. फिल्टर आणि इंजिन यांच्यामध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचा आडोसा उभा करायचा, म्हणजे गरम हवा अडेल आणि हेडलाइटच्या मागच्या फटीतून बाहेरची गार हवा तेवढी आत येईल. तयार आडोसा आमच्या गाडीच्या मापाचा मिळत नव्हता, म्हणून मी घरीच करायला घेतला. कवळी अर्धा मिलिमीटर चुकली तर माणसाला घास चावता येत नाही. ती मी बसवतो, मग पत्र्याचं काय एवढं, असा माझा हिशेब.

पहिला पत्रा बॅटरीला अडला. दुसऱ्यात, फिल्टरकडून इंजिनात जाणाऱ्या पाइपसाठी पाडलेलं भोक तीन बोटं खाली आलं. मी ते कानशीने वर वाढवत नेलं, तेव्हा त्याचं तोंड वासलेल्या माशासारखं झालं.

"मुंढा खाली आलाय," खिडकीतून आवाज आला.

"काय?"

"शर्टाला बाही जोडतात ते भोक. मुंढा. तुमचा खाली आलाय. आता कितीही कातरलंत तरी काखेत घोळ राहणारच. टाका तो."

मी घामाघूम झालो होतो. वैतागून म्हणालो, "मग तुम्हीच या आणि सांगा कुठे पाडू ते!"

म्हटलं आणि जीभ चावली. पण खिडकीत कुणी नव्हतं. दोन मिनिटांनी त्या दारातून बाहेर आल्या. गळ्यात टेप, हातात सपाट खडू आणि काखेत वर्तमानपत्रांचा गठ्ठा. गाडीसमोर उभ्या राहून त्यांनी इंजिनाकडे असं पाहिलं, जसं एखाद्या पाठीला बाक असलेल्या गिऱ्हाइकाकडे पाहावं.

"सरळ उभं राहत नाही हे," म्हणाल्या. "अंगावरच बेतावं लागेल."

मग तासभर मी फक्त धरा म्हटलं की धरायचं आणि सोडा म्हटलं की सोडायचं काम केलं. त्यांनी वर्तमानपत्र बॅटरीच्या कडेने दाबत नेलं, दुमडलं, टाचण्या लावल्या, पाइपभोवती बोटाने दाबून गोल उठवला. बॉनेट किती खाली येतं हे कळायला मी मोजपट्टी घेऊन डोकं आत घातलं, तर त्यांनी मला बाजूला केलं. कागदाखाली पुठ्ठा लावून त्याच्या वरच्या कडेला खडू चोपडला आणि बॉनेट हळूच मिटून उघडायला लावलं. आतल्या बाजूला जिथे पांढरी रेघ उमटली तिथे पुठ्ठा टेकत होता. तेवढाच कापायचा.

पुठ्ठा कापताना त्यांनी माझी कात्री मागितली. स्वतःची नाही.

"माया किती ठेवायची?" त्यांनी विचारलं. मी बघतच राहिलो, तेव्हा त्यांनी पदराचा काठ दुमडून दाखवला. "शिवणीच्या आत जास्तीचं कापड ठेवतात ना, ती. दोन भाग जोडायला आणि पुढेमागे अंग वाढलं तर उसवायला. तुमच्या पहिल्या दोन्ही पत्र्यांना मायाच नव्हती. जोडणार कशाने होतात, थुंकीने?"

आम्ही पाऊण इंच माया ठेवली. रिवेट मारायचं यंत्र मी कोपऱ्यावरच्या सीटकव्हरवाल्याकडून मागून आणलं. पुठ्ठा पत्र्यावर ठेवून त्यांनी खडूने आखलं, मी पत्र्याच्या कात्रीने कापलं, गोल भोक पाडलं, कडा घासल्या. मग आम्ही दोघांनी तो ऐटीत गाडीत उतरवला.

भोक बॅटरीकडे आलं. पाइप दुसरीकडे.

पुठ्ठा पालथा ठेवून आखला गेला होता. सगळं बरोबर, पण आरशात दिसावं तसं उलटं. मी हसणारच होतो, तेवढ्यात त्यांच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं. रंग उडाला होता. त्यांनी खडू टपावर ठेवला, हात पदराला पुसले आणि आत निघून गेल्या.

मी मागोमाग गेलो. त्या पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. बायको दारात उभी होती. ती खुणेनेच मला म्हणाली, तू बस.

"ऐंशी डाव्या बाह्या," त्या जमिनीकडे बघत म्हणाल्या.

"अं?"

"शेवटच्या महिन्यात. कापडाचे चाळीस थर लावले होते. एकच बाजू सुलट असलेलं कापड, सगळे थर सुलट वर. त्यावर बाहीचा पुठ्ठा एकदा सुलटा आणि एकदा पालथा आखायचा; मी दोन्ही वेळा डावीच आखली. डोळ्यांवर धूर असल्यासारखं दिसायचं तेव्हा, पण मी कुणाला सांगितलं नव्हतं. चाळीस शर्ट, ऐंशी डाव्या बाह्या. उजवी एक नाही. शिवणाऱ्या पोरी पोट धरून हसल्या. मालक हसला नाही, ओरडलाही नाही. 'मास्तर, आता घरी आराम करा' म्हणाला. ओरडला असता तर दुसऱ्या दिवशी गेले असते मी."

बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पत्रा अजून माझ्या हातातच होता. मी नुसता चाळा म्हणून तो एकदा उलटा केला, पुन्हा सुलटा केला, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"आई, याची सुलट बाजू कुठली?"

"हं?"

"बघा ना. कुठली सुलट?"

त्यांनी पत्रा मांडीवर घेतला. सवयीने अंगठा आणि तर्जनीत धरून दोन्ही बाजू चाचपल्या. पुन्हा चाचपल्या. मग माझ्याकडे पाहिलं.

"याला बाजूच नाही," त्या म्हणाल्या.

"नाहीच मुळी. आणि अजून वाकवलेलाही नाही."

मग त्यांच्या पोटातून जे हसू आलं, ते मी लग्नापासून कधी ऐकलं नव्हतं. हसता हसता पत्रा मांडीवरून घसरला आणि खणखणत फरशीवर पडला. बायको रडत होती ती हसायला लागली. "मेलं सोपं कापड आहे की हे!" सासूबाई म्हणाल्या. "आम्हाला असलं का नाही दिलं कुणी?"

पत्रा पालथा करून उतरवला, तो जागच्या जागी बसला. माया टेबलाच्या कडेवर लाकडी हातोडीने दुमडली, रिवेट मारले, वरच्या कडेला रबरी पट्टी ओढली. ती पट्टी कोपऱ्यात नीट वळावी म्हणून त्यांनी आतून तीन चिरा दिल्या, गळपट्टीला देतात तशा. त्यासाठी मात्र त्या आत जाऊन ट्रंक उघडून आल्या. आम्ही नवराबायको दुसरीकडेच बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्यांना पुढच्या सीटवर बसवून मी मुद्दाम गर्दीच्या रस्त्याने नेलं. थर्मामीटर एक्केचाळीस अंशांवर थांबला. चढावर गाडीने कुरकुर केली नाही. "घसा मोकळा झाला हिचा," असा त्यांनी निकाल दिला.

रिवेटचं यंत्र परत न्यायला सीटकव्हरवाला स्वतःच आला. बॉनेट उघडं होतं. त्याने आडोशावरून बोट फिरवलं, मग भिंतीला टेकवलेला पुठ्ठा उचलून उजेडात धरला.

"हा कुणी बेतला?"

"मी," सासूबाई म्हणाल्या. "का? चुकलाय?"

"चुकलाय कसला! माझ्याकडे दोन वर्षं झाली, बेतणारं माणूस नाही. फोमवाला अंदाजाने कापतो आणि सीट बसल्यावर सुरकुत्या माझ्या कपाळावर येतात. तुम्ही याल का, मावशी?"

"मावशी नाही," त्या म्हणाल्या. "मास्तर म्हणायचं."

आता आठवड्यातून चार सकाळी त्या तिथे जातात. पहिले पंधरा दिवस फोमवाल्याशी रोज भांडण झालं. हल्ली तो आपणहून खडू टोकदार करून ठेवतो म्हणे. मागच्या महिन्यात त्यांच्याकडे एका अख्ख्या बसच्या सीटा आल्या. मी त्यांना कोपऱ्यावर सोडतो. उतरताना त्या मला बजावतात, "न्यायला लवकर येऊ नका. काम अर्धवट टाकून उठता येत नाही मला."