पुतळाबाईचा कोयता

माझी सासू पुतळाबाई ही उरणजवळच्या मोऱ्याची सुईण. आमच्या कोळीवाड्यातली निम्मी माणसं जन्मली तिच्याच हातात. तिच्या हाताला यश आहे म्हणायचे लोक. मी म्हणायची, असेल बाबा यश, पण जिभेला हाड नाही त्याचं काय? बाळंतीण कळा देताना कोकलायला लागली की ही वरून ओरडायची, "बोंबलतेस कशाला गो? होरी बुडाली का तुजी?" आणि ती बाई तशा कळांतसुद्धा हसायची.

तिचा एक कोयता होता, तिच्या सासूकडून आलेला. शेणाने सारवलेल्या कोनाड्यात त्याची जागा. नाळ कापायची ती त्यानेच, आणि वर चुलीतली गोवरीची राख बेंबीवर दाबायची. मग कोयता बाळंतिणीच्या उशाशी ठेवायचा आणि पाचवीला सटवीच्या पूजेत मांडायचा. पण तो धुवायचा मात्र नाही. धुतला तर सटवीने लिहिलेलं नशीब पाण्याबरोबर वाहून जातं, असं मानायचे. पदराने पुसायचा नि परत कोनाड्यात. मीसुद्धा तो कधी धुतला नाही. उगाच शहाणपणा कशाला सांगू?

गावात बाळं जायची. पाचवी झाली की एखादं दूध ओढेनासं व्हायचं, जबडा आवळायचा, अंग मागे वाकून ताठ व्हायचं. सटवीने नेलं म्हणायचं, रडायचं आणि कामाला लागायचं.

माझी नणंद कमळी म्हणजे पुतळाबाईची एकुलती लेक, करंजा गावच्या शिवरामला दिलेली. दोन्ही बाळंतपणं माहेरी, आईच्याच हातची. पहिला मुलगा, मग मुलगी. दोन्ही तशीच गेली. मुलीच्या वेळी कमळी स्वतःचं दूध वाटीत काढून कापसाने त्या आवळलेल्या ओठांवर सोडत बसायची, आणि ते दूध गालावरून खाली ओघळायचं. बिचाऱ्या जिवाला घोटही गिळता येईना. ते आठवलं की आजही मला जेवण जात नाही.

कमळीला तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा तिची सासू भिमाबाई चारचौघांत म्हणाली, "हिच्या कुशीला सटवी लागलीय. हे पन जगलं नाय तर शिवरामला दुसरी आनू." उचलली जीभ लावली टाळ्याला! शिवराम मान खाली घालून जाळं शिवत राहिला. पुरुषाची जात.

आणीबाणी उठून वर्षभर झालं असेल. उरणच्या सरकारी दवाखान्यात आजूबाजूच्या सुईणींचं शिबिर लागलं. चारुलता नावाची नर्सबाई शिकवायला होती, महाडकडची, मऊ बोलणारी. आमची पुतळाबाई नाक वर करून गेली. "काल आलेली पोरगी मना बालंतपन शिकवनार?" असं म्हणतच घराबाहेर पडली.

आली ती तोंड मिटून. हातात सरकारने दिलेली पत्र्याची पेटी होती, आत साबण, दोरा, कोरी पाती. ती तिने बाजूला ठेवली आणि कोनाड्यासमोर बसून राहिली. मी चहा दिला तो तसाच निवला.

"आये, जालं काय?" मी विचारलं.

"यशोदे, सटवीनं कुनाला नाय नेलं. मी नेलं."

मग तिने सांगितलं. त्याला धनुर्वात म्हणतात. मळक्या हत्याराने नाळ कापली, वर शेणाची राख लावली, की तो बाळाच्या अंगात शिरतो. पातं उकळून घ्यायचं, हात साबणाने नखांपर्यंत धुवायचे, बेंबीला काही म्हणजे काही लावायचं नाही, आणि आईला पोटुशी असतानाच सुई टोचून घ्यायची. बस, एवढंच. एवढ्यासाठी कमळीची दोन बाळं गेली.

पण कमळी सुईचं नाव काढलं की भडकायची. "आनीबानीत नसबंदीला मानसं धरून नेली ती काय मी पायली नाय? सुई घेतली की कूस बंद होते." नर्सबाई दोनदा करंजाला जाऊन हात हलवत परत आली. दिवस भरत चालले होते.

मी सासूला म्हटलं, "खरं कशाला सांगतेस? अंगात आल्यासारखं कर आनि देवीनंच सुई सांगितली म्हन. ऐकंल ती."

"दोन सटवीच्या नावावर खपवली," ती म्हणाली. "तिसरं देवीच्या नावावर नको."

आम्ही दोघी करंजाला गेलो. कमळी ओटीवर जवळा निवडत होती. पुतळाबाईने पदरातून कोयता काढला आणि तिच्यासमोर ठेवला.

"बाय, तुजी कूस चांगली हाय. तुजी पोरं या कोयत्यानं नेली. माज्या हातानं. मना ठाऊक नव्हतं, पन नेली मीच. आता सुई घे, नायतर हे पन जाईल."

मला वाटलं आता कमळी बोंब ठोकेल, आईच्या झिंज्या उपटेल. ती तसं काही करती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "सुई घेते. पन तू माज्या पोराला हात लावायचा नाय. कवाच नाय."

"नाय लावनार," पुतळाबाई म्हणाली. येताना मोऱ्याच्या धक्क्यावरून तिने कोयता खाडीत टाकला.

कमळी दवाखान्यात बाळंत झाली, नर्सबाईच्या हातून. पुतळाबाई बाहेर पायरीवर बसून होती. मुलगा झाला आणि जगला. नाव जयदेव. भिमाबाईने गावभर पेढे वाटले. लाज कशाशी खातात ते तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

पुढे पुतळाबाई पेटी घेऊन दारोदार फिरली. पोटुशी बाई सुईला नाही म्हणाली की ही तिच्या दारात बसून आपली कथा सांगायची, लेकीची दोन बाळं स्वतःच्या हाताने कशी गेली ती. एक पोर असंच गमावलेल्या सखूने एकदा अंगावर तांब्या फेकला, "म्हंजे माजा पन तूच मारलास!" पुतळाबाई म्हणाली, "होय गो, बाय." कपाळातून रक्त येत होतं आणि तिने ते पुसलंही नाही. सखूच्या सुनेने दुसऱ्या दिवशी सुई घेतली. हळूहळू गावातली ती ताठलेली बाळं दिसेनाशी झाली.

कमळी मात्र निवळली नाही. नारळी पुनवेला माहेरी यायची, जयदेव अंगणात खेळायचा, आणि पुतळाबाई दोन्ही हात पदराखाली धरून लांबून बघायची. पोर एकदा धावत येऊन गुडघ्याला बिलगलं तर म्हातारीने हात वर धरले, कुणी बंदूक रोखल्यासारखे. मी कमळीला नको नको ते बोलले. "दगड हायस का गो? ती न बोलती तर हा असता का?" ती जयदेवला उचलून आत निघून गेली.

सत्त्याऐंशी साली पुतळाबाई तापाने गेली. कमळी आली, पण रडली नाही. आंघोळ घालायला बायका जमल्या तेव्हा तिने पत्र्याची पेटी उघडून त्यातला साबण घेतला आणि आईचे हात धुवायला बसली. बोटांच्या बेचक्या, मग नखं, मग मनगटं, मग पुन्हा नखं. बायका ताटकळल्या, बाहेर माणसं खोळंबली, पण ही थांबेचना.

मी तिचं मनगट धरलं. "कमळे, पुरे गो. किती वर्सांपासून साफ हायत ते हात."

तेव्हा कुठे तिने हंबरडा फोडला.