मुद्दाम सोडलेला चेंडू

माझी वहिनी रागीट आहे असं कुणी म्हणणार नाही. रागीट माणूस ओरडतो, दोन भांडी आपटतो आणि जेवायच्या वेळेपर्यंत थंड होतो. वहिनी आवाजही चढवत नाही. पण तिच्या वाकड्यात कुणी शिरलं, की ती ते विसरत नाही आणि विसरल्याचं सोंगही करत नाही. मी तिची नणंद. पंधरा वर्षं एका घरात राहून हे स्वतःच्या अंगावर शिकले आहे, तेव्हा माझ्या शब्दावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

ती शाळेत शिपाई आहे. वर्ग उघडते, घंटा देते, कपाटं पुसते. मी लाँड्रीत, घड्यांच्या टेबलावर. हॉटेलांच्या आणि हॉस्पिटलांच्या चादरी रोलरमधून गरम गरम बाहेर येतात आणि आम्ही बायका समोरासमोर उभ्या राहून दिवसभर त्यांच्या घड्या घालतो. माझा भाऊ, म्हणजे दादा, त्याच लाँड्रीत बॉयलरवर होता. होता म्हणते, कारण आता तो घरी बसून मिक्सर आणि शेगड्या दुरुस्त करतो. तो घरी का बसला ते सांगितल्याशिवाय वहिनी कळायची नाही.

आमच्या भागात सहा कारखाने आहेत आणि दरवर्षी त्यांची आपापसात फुटबॉलची स्पर्धा होते. दादा लाँड्रीचा गोलकीपर होता आणि कप्तान होता आमचा मुकादम. सात वर्षांपूर्वी अंतिम सामना बाटलीच्या कारखान्याशी पडला. एक-एक अशी बरोबरी होती आणि पाचच मिनिटं उरली होती. आमच्या एका गड्यानं समोरच्याच्या तोंडाजवळ पाय उचलला. लागला नाही, पण रेफरीनं शिट्टी मारली आणि एक हात वर केला. बाटलीवाल्यांनी वीस पावलांवरून फ्री किक मारली. चेंडू सरळ दादाकडे आला, अगदी हातात येण्यासारखा. दादा बाजूला झाला, दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि चेंडू जाळ्यात जाऊ दिला.

मी ते डोळ्यांनी पाहिलं. वहिनी माझ्या शेजारीच होती.

तेव्हा ज्याच्या गळ्यात शिट्टी तो रेफरी, असा कारभार होता. त्या दिवशीचा रेफरी बिस्किटांच्या कारखान्यातला टाइमकीपर होता. फ्री किकच्या वेळी कधीकधी हात वर करतात एवढं त्यानं कुठंतरी पाहिलं होतं. कशासाठी करतात, ते त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं आणि गोल देऊन टाकला. दादा त्याला काही समजावायला धावला, तोवर मुकादमानं त्याची गचांडी धरली आणि सगळ्या मैदानासमोर विचारलं, मुद्दाम सोडलास की नाही, एवढंच सांग. खोटं न बोलणं हा दादाचा जुना रोग. तो म्हणाला, "हो, मुद्दाम सोडला. पण..." त्या 'पण'च्या पुढचं कुणी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्याचं नाव पडलं 'उघडं दार'. मुकादमानं त्याला बॉयलरवरून काढून ओली गाठोडी ओढायला लावलं. डबा खायला बसला की आजूबाजूची माणसं उठून दुसऱ्या बाकावर जायची. मी घड्यांच्या टेबलावरून हे रोज बघत होते आणि नोकरी जाईल म्हणून मूग गिळून बसत होते. आठ महिन्यांनी त्यानं काम सोडलं.

घरी त्यानं एकदाच सांगितलं, तो गोल नव्हताच, तसा नियम आहे, तरुणपणी एका म्हाताऱ्या प्रशिक्षकानं शिकवला होता. वहिनी भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं." मी हसले. आज सांगायला लाज वाटते, पण हसले. त्यानंतर दादानं फुटबॉलचा विषय घरात काढला नाही आणि आम्हालाही वाटलं, बरं झालं.

पाच वर्षं अशी गेली. मग शाळेत खेळाच्या नव्या बाई आल्या आणि त्यांनी आपल्या खोलीत एक मोठा तक्ता लावला. रेफरीच्या खुणांची चित्रं होती, प्रत्येक चित्राखाली दोन ओळी. वहिनी त्याची काच पुसत होती. एका चित्रात रेफरी एक हात सरळ वर करून उभा होता. हा हात तिनं पाहिलेला होता. तिनं बाईंना विचारलं, हा असा का उभा आहे? बाईंनी साधेपणानं सांगितलं, ही अप्रत्यक्ष फ्री किक. मारणाऱ्यानंतर चेंडू आणखी कुणालातरी लागावा लागतो, तो लागेपर्यंत रेफरी हात खाली घेत नाही. मग वहिनीनं विचारलं, कुणालाच न लागता सरळ जाळ्यात गेला तर? बाई म्हणाल्या, मग गोल नाही, गोल किक, म्हणजे चेंडू परत गोलकीपरच्या संघाला. शहाणा गोलकीपर अशा वेळी हातच लावत नाही. नुसतं बोट लागलं आणि आत गेला, तर गोल होतो ना.

वहिनी हातात फडकं घेऊन तिथंच खुर्चीवर बसली. घंटा सात मिनिटं उशिरा झाली. तिच्या नोकरीत एवढी एकच.

दुसऱ्या दिवशी ती बाईंकडून नियमांचं पुस्तक मागून घेऊन लाँड्रीच्या दारात आली. मी बरोबर होते. तिनं ते पान उघडून मुकादमापुढं धरलं. त्यानं पुस्तकाकडे पाहिलंसुद्धा नाही. पुस्तकातला खेळ वेगळा आणि मैदानातला वेगळा, असं म्हणाला. शिवाय मुद्दाम सोडला हे तुमच्या नवऱ्यानंच कबूल केलंय, आता मेलेलं उकरून काय उपयोग, असंही. आणि जाता जाता मला म्हणाला, रोलर थांबलाय, कामाला लाग. वहिनीनं पुस्तक मिटलं. निघताना ती मला एवढंच म्हणाली, "ह्याला हे पान मैदानातच वाचून दाखवीन. तोवर घरात एक शब्द काढायचा नाही. तुझ्या दादाजवळसुद्धा."

मी कबूल झाले. खरं सांगायचं तर मला ते आवडलं. पाच वर्षं त्या माणसापुढं मान खाली घालून चादरी मोजून दिल्यावर कुणालाही आवडलं असतं.

वहिनी तेव्हा अडतीस वर्षांची होती. आयुष्यात कधी बसमागंसुद्धा धावली नव्हती. ती पहाटे शाळेच्या मैदानाला फेऱ्या मारू लागली. पहिल्या आठवड्यात तिला जिना चढवेना, मी पाय चेपून दिले. नणंदेनं भावजयीचे पाय चेपल्याचं दुसरं उदाहरण कुणाला माहीत असेल तर कळवावं. खेळाच्या बाईंनी तिचं नाव रेफरींच्या परीक्षेला घातलं. नियम ती भांडी घासताना पाठ करायची. थ्रो-इनवर ऑफसाइड नसतो. गोल किकवरही नसतो. आपल्याच माणसानं पायानं मुद्दाम दिलेला चेंडू गोलकीपरनं हातात घ्यायचा नाही, घेतला तर समोरच्यांना अप्रत्यक्ष फ्री किक. हे वाक्य ती जरा जास्तच चवीनं म्हणायची. दादाला तिनं सांगितलं होतं की शाळेतल्या मुलींच्या सामन्यांसाठी करावं लागतंय. तो "बरं" म्हणाला होता आणि तिच्या बुटांचा निघालेला तळ चिकटवून दिला होता.

पहिल्या खेपेला ती नापास झाली, धावण्यात. दुसऱ्या खेपेला पास झाली. मग मुलींचे सामने, मग शाळाशाळांचे. दरम्यान कारखान्यांच्या स्पर्धेत एकदा चांगलीच मारामारी झाली आणि कमिटीनं ठरवलं, यापुढं शिट्टी परीक्षा पास झालेल्यालाच, आणि तोही सहा कारखान्यांबाहेरचा. आजूबाजूला असे तिघंच होते. उरलेल्या दोघांच्या सामन्यांत तक्रारी झाल्या, वहिनीच्या झाल्या नाहीत, म्हणून अंतिम सामना तिच्याकडे आला. पुन्हा लाँड्री आणि पुन्हा बाटलीवाले. मुकादम हरकत घेईल म्हणून माझा जीव टांगणीला लागला होता. तो उलट खूश झाला. घड्यांच्या टेबलापाशी येऊन म्हणाला, तुझी भावजय म्हणजे आपलीच बाई, झुकलीच तर आपल्याकडं झुकेल.

आदल्या दिवशी मी वहिनीला विचारलं, तसली फ्री किक मिळालीच नाही तर? ती म्हणाली, तर पुढच्या वर्षी. मी म्हटलं, एखादी देऊन टाक की, कोण बघतंय. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी विषय बदलला. "खोटी दिली तर तोच खरा ठरेल," ती म्हणाली.

सामन्याला अख्खी लाँड्री आली होती. मुकादम पंचेचाळिशीचा, एका गुडघ्याला पट्टा, तरी कप्तानी सोडलेली नव्हती आणि फ्री किकही कुणाला मारू देत नव्हता. मध्यंतरापर्यंत बाटलीवाल्यांचा एक गोल झाला. लाँड्रीचा एकही नाही. मी घड्याळ बघत होते. ऐंशी मिनिटं झाली आणि मी मनात पुढच्या वर्षीची तयारी करू लागले.

त्र्याऐंशीव्या मिनिटाला बाटलीवाल्यांच्या एका गड्यानं घाबरून चेंडू मागं आपल्या गोलकीपरकडं ढकलला, पायानं, चांगला जाणूनबुजून. मुकादम अंगावर धावत येताना बघून गोलकीपरनं तो उचलून छातीशी धरला. शिट्टी वाजली. वहिनीनं जागा दाखवली आणि हात वर केला.

जागा गोलपासून दहा-बारा पावलांवर. बाटलीवाले सगळे खांबांच्या मध्ये रेषेवर उभे राहिले. आमच्या एका खेळाडूला काहीतरी अंधुक माहीत असावं. तो मुकादमाला म्हणाला, मी आधी हलकेच ढकलतो, मग तुम्ही मारा. मुकादमानं त्याला हातानंच बाजूला केलं, तुझा पाय मध्ये नको म्हणून. मग त्यानं वहिनीकडं पाहिलं. ती त्याच्यापासून चार पावलांवर होती, हात आभाळाकडं. तो हसून म्हणाला, "खाली घे बाई, दुखेल."

मी रेषेला लागून उभी होते. हाक मारली असती तर त्याला ऐकू गेली असती. तो माझा मुकादम होता, तो माझ्या लाँड्रीचा संघ होता, माझ्या दोन्ही बाजूंना माझ्याच टेबलावरच्या बायका होत्या. मी तोंडात पदर धरला आणि मनात म्हटलं, मार. सरळ मार, मेल्या.

त्यानं सरळ मारला. काय मारला, हे कबूल करायला हवं. सगळ्यांच्या डोक्यांवरून, वरच्या दांड्याच्या खालून, कुणाच्या केसालाही न लागता चेंडू जाळ्यात जाऊन बसला. लाँड्री नाचू लागली. माझ्या शेजारणीनं मला मिठी मारली. मुकादमानं अंगातला सदरा काढून गरागरा फिरवला. आणि मैदानाच्या मध्ये वहिनी एकटी, हात वर करून. हळूहळू एकेकाचं लक्ष तिच्याकडं गेलं. तेव्हा कुठं तिनं हात खाली घेतला आणि गोल किक दाखवली.

सदरा काढल्याबद्दल तिनं मुकादमाला आधी पिवळं कार्ड दिलं. नियमच आहे. तो तिच्या तोंडाजवळ येऊन ओरडू लागला. ती त्याला ओरडू देत होती. मग तिनं शांतपणे सांगितलं की ही अप्रत्यक्ष फ्री किक होती, चेंडू दुसऱ्या कुणाला लागला नाही, म्हणून गोल नाही. तो म्हणाला, "असले नियम कुणाला माहीत असतात?"

"माझ्या नवऱ्याला होता," वहिनी म्हणाली. "सात वर्षांपूर्वी. म्हणून त्यानं हात बांधले होते."

तिनं आवाज चढवला नव्हता, पण मैदान एवढं गप्प झालं होतं की मागच्या रांगेपर्यंत गेलं. त्या वेळच्या संघातले तिघं अजून खेळत होते. त्यातला एक खाली बसला आणि बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधू लागला. मुकादमानं दादाला एक शिवी दिली, ती मी इथं लिहीत नाही. वहिनीनं लाल कार्ड काढलं. तो सदरा हातात घेऊन बाहेर गेला तेव्हा माझ्या समोरून गेला, आणि सात वर्षांत पहिल्यांदा मी मान खाली घातली नाही. लाँड्री हरली. मी आयुष्यात इतकी खूश कधी झाले नव्हते.

घरी येईपर्यंत आम्ही दोघी वेड्यासारख्या हसत होतो. दादा खिडकीपाशी एक मिक्सर उघडून बसला होता. वहिनीनं कपडेही न बदलता त्याला सगळं सांगितलं, पहिल्यापासून. तक्ता, पुस्तक, परीक्षा, तो हात, मुकादमाचं तोंड. दादा ऐकत होता. मला वाटलं, रडेल. त्यानं स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला आणि विचारलं, "तो तक्ता कधी पाहिलास?"

"दोन वर्षं झाली," वहिनी म्हणाली.

"हिलाही माहीत होतं?" त्यानं माझ्याकडं मान केली. मी हो म्हटलं.

"मी केस कापायला पूल ओलांडून पलीकडं जातो," तो म्हणाला. "चौकातल्या दुकानात मला 'उघडं दार' म्हणतात. दोन वर्षं जातोय तसाच. तुम्हाला दोघींना ठाऊक होतं की मी काही केलेलं नाही."

वहिनी म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही मला त्याच्या वाटेला जाऊ दिलं नसतं."

"नसतंच जाऊ दिलं," दादा म्हणाला. "मला मुकादम नकोच होता. मी खरा होतो, एवढं तुम्ही दोघींनी म्हटलं असतं तरी पुरलं असतं."

तो पुन्हा मिक्सरकडं वळला. वहिनी रेफरीच्या काळ्या कपड्यांत तशीच उभी राहिली. मुकादम तर मैदानाबाहेर गेला होता. तिचा राग मात्र तेवढाच शिल्लक होता, आणि तो काढायला आता आम्ही दोघीच उरलो होतो.