जुळलेल्या दोन काठ्या

देवाने इस्राएलाला दिलेल्या वचनांचा इतक्या चिकाटीने पाठपुरावा करणारा माणूस साऱ्या अमेरिकेत दुसरा नसेल, आणि तो इथे ट्रॉयमध्ये आमच्या शेजारी राहतो. डॉक्टरकाका मूळचे अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या तेल्यांचे वंशज आणि जन्मभर हाडांचे सर्जन. यहेज्केल संदेष्ट्याला दिसलेलं कोरड्या हाडांचं खोरं, म्हणजे विखुरलेल्या इस्राएलाचं पुन्हा उभं राहणं, ते एखाद्या केसपेपरसारखं वाचतात. "आधी हाडं, मग स्नायू, वर कातडी, शेवटी श्वास. पोरी, ऑर्डर अगदी परफेक्ट आहे!" आमच्या सोसायटीत कुणी जिन्यावरून घसरलं, तरी त्याला प्लास्टरआधी हे खोरं ऐकावं लागतं.

एलियाहू हन्नबी या संदेष्ट्याच्या नावाने ते मलिद्याचा प्रसाद करतात तेव्हा भिजलेल्या पोह्यांचा, ओल्या खोबऱ्याचा आणि वेलचीचा गंध बर्फ ओलांडून आमच्या खिडकीशी येतो. एक वाटी मात्र ते झाकून ठेवतात. "कुणी परतलं तर असावी," एवढंच म्हणतात. ती धाकट्या भावाची, हे सगळ्यांना ठाऊक. तरुणपणी भाऊ इस्राएलला गेला आणि काका अमेरिकेला. "दादा, तू उलट्या दिशेला निघालास," भाऊ म्हणाला. "संदेष्ट्याने दिशा सांगितलीय, तारीख नाही!" काका गरजले. तेव्हापासून अबोला. हाडांच्या दर्शनानंतर संदेष्टा दोन काठ्या जोडून दोन दुरावलेली राज्यं एक होतील असं सांगतो. तिथवर आले, की काका पोथी मिटत.

मागच्या हिवाळ्यात ड्राइव्हवेवर घसरून त्यांचाच खुबा मोडला. ऑपरेशन उत्तम झालं, पण काका उभे राहीनात. फिजिओथेरपिस्टला शरीरशास्त्र शिकवत आणि नवी काठी भिंतीला टेकवून खुर्चीतच बसत. एके दुपारी हलकेच म्हणाले, "हाडं जुळली गं. श्वास येत नाहीये."

मी त्यांच्या डायरीतला नंबर फिरवला. भाऊ सगळं ऐकून म्हणाले, "त्याने बोलवायला सांगितलंय?"

"नाही."

"मग येतो. सांगितलं असतं, तर नसतो आलो."

आठवड्याने दारात काठीची टकटक झाली. कोटावर वितळतं बर्फ घेऊन भाऊ खुर्चीसमोर उभे राहिले. "सगळा इस्राएल उठणार म्हणतोस ना, दादा? आधी तू ऊठ."

"तू आलास? तारीख ठरली वाटतं!"

"ऊठ म्हणतो ना!"

आणि काका उठले! थरथरत, भावाचा दंड पकडून, पण सरळ ताठ. घरभर हसणं, रडणं, हिब्रू आणि अलिबागची मराठी एकदमच उसळली. संध्याकाळी मलिदा झाला आणि झाकलेली वाटी प्रथमच उघडली गेली. मग काकांनी दोघांच्या काठ्या शेजारी धरल्या आणि क्रेप बँडेजचे असे सुबक वेढे दिले, की चाळीस वर्षांची सर्जरी त्या गाठीत उतरली.

महिन्याने भाऊ परत गेले, काठीशिवाय, विमानतळाच्या व्हीलचेअरवरून हात हलवत. आता दर शुक्रवारी सकाळी, तिकडे शब्बाथचा विसावा सुरू होण्याआधी, फोनवर जोरदार भांडण होतं. काका घरात छत्री टेकत चालतात.

"काका, काठी सोडवून देऊ का?" मी परवा विचारलं.

दाराशी कोपऱ्यात उभ्या त्या जोडीवर उतरतं ऊन आलं होतं. बँडेज जरा पिवळं पडलंय.

"नको गं," ते म्हणाले. "जुळलेलं पुन्हा मोडायचं नसतं."